जादा कागद जोडावा

भाचा एस.वाय.बी.ए.ला आहे. मध्ये एका रविवारी लालबागहून गिरगावात माझ्याकडे आला आणि दारातच वाकून पाया पडला. मी दचकलो. आमच्याकडे पाया पडायचं ते दहावीच्या निकालाला आणि लग्न ठरल्यावर. निकाल कुठला लागलेला नव्हता, आणि लग्न ठरलं असतं तर बहिणीचा आधी फोन आला असता.

"काय रे, हे काय मध्येच?"

"सवय करतोय, मामा," तो म्हणाला. "पक्षात लागते."

एका पक्षाच्या युवक आघाडीत त्याला पद मिळायचं घाटत होतं. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. एक तर भाचा आहे, आणि दुसरं म्हणजे हे सदर छापून येईपर्यंत त्या पक्षाचं नाव, चिन्ह आणि अध्यक्ष तेच राहतील याची हमी मी कुठून देऊ? पदासाठी एक फॉर्म भरायचा होता आणि मामा पेपरात लिहितो म्हणजे मामाला फॉर्म भरता येतो, असा घरच्यांचा समज आहे.

फॉर्म मी नीट वाचला. नाव, पत्ता, रक्तगट, दुचाकी आहे का, सोबत किती मुलं आणू शकाल, इथवर सरळ होतं. मग रकाना सात : 'राजकीय आवड'. त्याला एक ओळ. रकाना आठ : 'कौटुंबिक पार्श्वभूमी'. त्याला अर्धं पान, आणि खाली बारीक अक्षरांत सूचना, 'जागा अपुरी पडल्यास जादा कागद जोडावा'.

ज्याने हा फॉर्म आखला त्याला मी मनातून नमस्कार केला. लोकशाहीवर शे-दीडशे पानांची पुस्तकं लिहिणाऱ्यांना जे जमत नाही ते या गृहस्थाने पट्टीने दोन रेघा मारून दाखवलं होतं.

"पार्श्वभूमी आधी घेऊ," मी म्हटलं, "तिथे तुझ्याकडे माल भरपूर आहे."

आणि होताच. त्याचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि कायम झाले. लाल बावट्याचे. १९७० च्या जूनमध्ये कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला, परळची पोटनिवडणूक लागली, तेव्हा आजोबांनी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना मत दिलं. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. आजीने कोणाला मत दिलं ते आजीने आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की ती मिसरीचा डबा शोधायला लागते. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांनी संप पुकारला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा होते. तो संप कोणी मागे घेतल्याचं अजून अधिकृतपणे जाहीर झालेलं नाही, असं आजोबा सांगायचे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते मरेपर्यंत संपावरच होते. गिरणीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्याच्या गेटवर भोंग्याऐवजी इंटरकॉम वाजतो.

भावोजी शाखेत वाढले. सुरुवात कॅरमपासून, मग वह्यावाटप, मग रात्री दोन वाजता कोणाला तरी केईएममध्ये नेणं, आणि यथावकाश गटप्रमुख. २०२२ च्या जूनमध्ये पक्ष फुटला तेव्हा दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळी माणसं घरी येऊन 'तुम्ही आपल्याकडेच ना?' असं विचारून गेली. भावोजींनी दोघांनाही चहा पाजला. साखर कोणाला किती घातली यावरून चाळीत अजून तर्क चालतात.

मी हे सगळं उत्साहाने रकाना आठमध्ये लिहायला घेतलं. जादा कागदही काढला. भाचा माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत होता.

"मामा, पार्श्वभूमी म्हणजे हे नाही."

"मग?"

"घरात नगरसेवक, आमदार, निदान बिल्डर. असं कोणी."

"मग लिही, कोणी नाही."

"अर्धं पान कोरं दिसेल ना."

तर वाचकहो, मला सवय आहे, मी लगेच इतिहासात शिरलो. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात एक विद्यार्थी होता, नाशिक जिल्ह्यातून आलेला. बायबलच्या सक्तीच्या तासाविरुद्ध त्याने पोरं जमवली आणि कॉलेजने त्याला काढून टाकलं. श्रीपाद अमृत डांगे. १९२१ साली, वयाच्या बाविशीच्या आतबाहेर, त्याने गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहून छापली. समजा त्याच्यापुढे हा फॉर्म आला असता. रकाना सात एका ओळीत बसला नसता. रकाना आठमध्ये 'कॉलेजातून बडतर्फ' एवढंच लिहिता आलं असतं, आणि सोबत किती मुलं आणू शकाल याचं उत्तर द्यायला त्याला १९२८ पर्यंत थांबावं लागलं असतं, कारण त्या वर्षी गिरणी कामगार युनियन निघाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. तरी एक गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली. डांग्यांनाही सुरुवातीला आधार देणारे रणछोडदास लोटवाला होते. व्यवसाय : पिठाच्या गिरणीचे मालक. क्रांतीलासुद्धा स्पॉन्सर लागतो हे ऐकून भाच्याला पहिल्यांदाच डांग्यांविषयी आदर वाटला.

दुसरा विद्यार्थी परळचा. डबक चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब, बाप मुलाला अपरात्री उठवून अभ्यासाला बसवणारा. दिवसा हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं, आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले. कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणारे रकाने त्यांच्यापुढे जन्मभर आले, आणि ते भरून घेणाऱ्यांचा हेतू आजच्यापेक्षा फार वाईट होता. इथे मी विनोद करणार नाही. एवढंच म्हणतो, त्यांची शिफारस एका शाळामास्तराने केली होती, कोणाच्या पी.ए.ने नव्हे.

"मामा, हे जुनं झालं," भाचा म्हणाला. "आत्ताचं सांग."

आत्ताचं म्हणजे २०१० चं सांगितलं. रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठात एस.वाय.बी.ए.ला होती, म्हणजे बरोबर याच्याच वर्गाला. शिवसेनेच्या विद्यार्थी सेनेने तिच्या प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी ती अभ्यासक्रमातून काढली. कादंबरीवर आक्षेप घेणाऱ्यांत झेवियर्सचा एक विद्यार्थी होता, वय वीस. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्यात त्याच्या आजोबांनी त्याच्या हाती तलवार दिली आणि युवासेना सुरू झाली. रकाना सात, एक कादंबरी. रकाना आठ, आदित्य ठाकरे. जादा कागदाची गरज नाही. आणि घराण्याचं दुकान एकाच बाजूला आहे असं समजू नका. २००४ साली दक्षिण मुंबईने सत्तावीस वर्षांच्या मिलिंद देवरांना लोकसभेत पाठवलं, तेव्हा मतदारांनी कोणत्या रकान्यावर शिक्का मारला हे त्यांच्या वडिलांना, मुरलीभाईंना, विचारायची गरज पडली नाही.

"पण माहीमला?" भाच्याने मला अडवलं. अशा वेळी त्याचा मेंदू सणकन चालतो. "२०२४ ला अमित ठाकरे उभे होते. निवडून कोण आलं? महेश सावंत. विभागप्रमुख माणूस."

मी गप्प बसलो. माहीमच्या या एका निकालावर लालबाग-परळमधली किती पोरं सतरंज्या उचलत असतील याचा अंदाज मला त्या क्षणी आला.

मग रकाना सातकडे वळलो. तुला राजकारणात नेमकं काय आवडतं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सगळंच." हे उत्तर नवऱ्यामुलाने पोह्यांच्या वेळी द्यावं असं होतं. मी जरा खोदलं. तेव्हा निघालं ते असं, की कॉलेजची वाचनखोली संध्याकाळी पाचला बंद होते. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात टीव्ही, आजी, बहिणीची पोळीभाजीची ऑर्डर आणि शेवटचा मजला असल्यामुळे पावसाळ्यात गळणाऱ्या कौलाखाली मांडलेली तीन पातेली. हा अभ्यास करतो मंडळाच्या ऑफिसात, जिथे आरास नसेल तेव्हा जागा असते. त्याने वर्गातल्या चौतीस मुलांच्या सह्या घेऊन वाचनखोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवा असा अर्ज दिला होता. दोनदा स्मरणपत्रही दिलं.

मी थक्क झालो. "अरे, हेच लिही की रकाना सातमध्ये!"

"हे राजकारण नाही मामा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ही तक्रार आहे."

चूक त्याची नाही. राजकारण म्हणजे काय हे त्याने पाहावं कुठे? आमच्या वेळी कॉलेजात निवडणुका व्हायच्या. हाणामाऱ्याही व्हायच्या, १९८९ साली ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि पुढे सरकारने थेट निवडणुका बंदच केल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात तोड निघाली ती अशी, की वर्गात ज्याला सर्वांत जास्त मार्क तो प्रतिनिधी. म्हणजे जो मुलगा वर्गात कोणाशी बोलत नाही, त्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ साली त्यांचं वेळापत्रकही निघालं, पण विधानसभेची निवडणूक आली म्हणून ते पुढे ढकललं. निवडणुकीमुळे निवडणूक रद्द, हे आमच्याच राज्यात सुचू शकतं. नंतर कोरोना आला. लिंगडोह समितीने तर विद्यार्थी उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांवर बांधून ठेवला होता. पाच हजारांत लालबागमध्ये पोरगा उभा राहायचा कसा? कार्यकर्त्यांचा वडापाव धरायचा की नाही?

राहिली सिनेट. तिथे पदवीधरांच्या दहा जागांना मतदान होतं, पण मतदार पदवीधर हवा. पदवी हातात पडेपर्यंत विद्यापीठाबाबत मत देता येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात ऐन तोंडावर ती निवडणूक थांबवली गेली, प्रकरण हायकोर्टात गेलं, २४ तारखेला मतदान झालं आणि दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने घेतल्या. भाच्याला हे सगळं तोंडपाठ आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात त्याला त्रेचाळीस मार्क होते.

खरं विद्यापीठ मंडळाचं. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला तेव्हापासून या शहराचे कार्यकर्ते तिथूनच पास होऊन निघतात. वर्गणी मागताना दार कोणी उघडलं ते पाहून आकडा बदलणं हे अर्थशास्त्र. रांगेतल्या पन्नास हजार माणसांना 'पुढे चला' म्हणत जागच्या जागी उभं ठेवणं हे लोकप्रशासन. आणि साहेबांच्या आगमनाला कोण कोणाच्या डाव्या बाजूला उभं राहणार हे ठरवणं म्हणजे परराष्ट्र धोरण. भाच्याला या तिन्ही विषयांत डिस्टिंक्शन आहे. पण याचा रकाना फॉर्मवर नव्हता.

शेवटी त्याने माझ्या हातून पेन घेतलं. रकाना सात : 'साहेबांचे विचार.' कोणते विचार असं मी विचारणार होतो, पण ओळ संपली होती. रकाना आठमध्ये त्याने 'वडील सामाजिक कार्यकर्ते, आजोबा कामगार चळवळीतील अग्रणी' असं लिहिलं आणि उरलेल्या जागेत साहेबांसोबतचा सेल्फी चिकटवला. साहेब दुसरीकडे पाहत होते. जादा कागद त्याने घडी करून माझ्या खिशात ठेवला, "तुला लेखाला होईल, मामा."

पंधरा दिवसांनी पद मिळालं. 'सह-उपसमन्वयक', पुढे वॉर्डाचा नंबर. नियुक्तीपत्र व्हॉट्सअॅपवर आलं, बॅनर स्वखर्चाने. आठ बाय दहाचा. पैसे बहिणीने भिशीतून दिले. ताडपत्रीसाठी ठेवले होते म्हणे. वर साहेब, त्यांच्या वर साहेबांचे साहेब, बाजूला दोन गोलांत दिवंगत, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा भाचा, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. आजीला बोट लावून दाखवावा लागला. तिसऱ्या दिवशी पालिकेची गाडी फिरतेय अशी खबर आली, तशी मंडळाच्या पोरांनी बॅनर उतरवून गुंडाळी घरी आणून टाकली.

त्या रात्री पाऊस झोडपायला लागला. मी गेलो तेव्हा भावोजी माळ्यावर चढून फ्लेक्स कौलांवर अंथरत होते, आणि बहीण खालून ओरडत होती, "अहो, तोंडं वर करा त्यांची. भिजू देत. आणि पोराचा कोपरा तेवढा आत दुमडा."