अशील कोण?

बॅरिस्टर राजकारणात उतरला की त्याची पदवी कसली पाहता? त्याचं अशील कोण ते विचारा. हा सल्ला आमचा नाही, आहुपे गावातल्या एका म्हाताऱ्याचा. घोड नदी उगम पावते आहुप्यात आणि कालवे निघतात खाली डिंभ्याच्या धरणातून. तेव्हा पाणी कुणाचं आणि पीक कुणाचं, हे त्याला विलायतेला न जाताच कळलेलं आहे.

एडवर्ड कार्सन या डब्लिनच्या बॅरिस्टरला ते कळायला आयुष्य लागलं. 1895 मध्ये त्याने उलटतपासणीत ऑस्कर वाइल्डची बोलती बंद केली. पुढे सगळं आयर्लंड ब्रिटनच्या पदरालाच बांधलेलं राहावं म्हणून 1912 मध्ये अल्स्टर प्रांतात लाखोंच्या सह्या करवल्या. 1921 मध्ये आयर्लंडचे दोन तुकडे झाले, तेव्हा या परमनिष्ठावंताने उमरावांच्या सभागृहात बोलून दाखवलं की आपण टोरी पक्षाच्या हातातलं बाहुलं होतो. अशील लंडनात बसलं होतं. वकिलाला वाटत होतं, बेलफास्टात.

आपण कार्सनला हसू नये. आपल्याकडे लागोपाठ दोन बॅरिस्टर मुख्यमंत्री झाले.

1980 मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळे. बिल्डरांचं सिमेंट आणि अंतुल्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणग्या यांची सोयरीक मुंबई उच्च न्यायालयाने 12 जानेवारी 1982 रोजी उघड केली आणि खुर्ची गेली. (कुडाच्या घराला सिमेंट लागत नाही, त्यामुळे आहुप्याचा या प्रकरणाशी काही संबंध आला नाही. प्रतिष्ठेला मुकलं बिचारं गाव.)

दिल्लीने लगेच दुसरे बॅरिस्टर नेमले, बाबासाहेब भोसले. गिरणी संप नुकताच पेटलेला. ऑगस्टात खुद्द मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं. वर्षभरात दिल्लीने वकीलपत्र काढून घेतलं. भोसले मिस्कील. मुख्यमंत्रिपद काढून घ्याल, पण 'माजी मुख्यमंत्री' हे पद कोण काढून घेणार, असं ते म्हणाल्याचं सांगतात. कार्सन चिडला, भोसले हसले. आम्हाला भोसले आवडतात.

पण अंतुले आणि भोसले या दोघांच्याही फायलीत आहुप्याचं नाव अशील म्हणून नव्हतं. तेव्हा मंडळी, पुढच्या निवडणुकीत एखादा काळा कोट घाट चढून मतं मागायला आला, तर त्याला चहा जरूर पाजा आणि वकीलपत्र दाखवायला सांगा. खाली सही मुंबई-दिल्लीची असेल, तर फी तिकडूनच घ्यायला सांगा.