‘चालेल’चे वैरी

प्रत्येक घराण्यात ‘चालेल’ या शब्दाचा एक वैरी असतो. आमच्याकडे काका आहेत. बाथरूमच्या दाराला कडी बसवायला त्यांनी तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी स्क्रू पसंत पडले नाहीत. दुसऱ्या रविवारी दारच गुण्यात नसल्याचा शोध लागला. तिसऱ्या रविवारी काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर ताब्यात घेतला तेव्हा कडी बसली. तोवर आंघोळीला गेलेला माणूस आतून मोठ्याने गाणं म्हणायचा.

या गोत्राचा मूळ पुरुष म्हणजे मँचेस्टरचे हेन्री रॉइस. लहानपणी पेपर विकले, तारा पोचवल्या, पुढे डायनॅमो आणि विजेच्या क्रेनचा कारखाना काढला. चाळिशीच्या सुमारास त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, डिकॉव्हिल. गाडी तशी बरी होती. चालेल अशी. तिथंच घोळ झाला! साहेबांनी ती खोलली, पार्टपार्टात खोट काढली आणि 1904च्या एप्रिलमध्ये स्वतःचीच गाडी रस्त्यावर आणली.

त्यांच्या खोडी बघा. रिव्हेट त्यांना खपायचे नाहीत, कारण रिव्हेट भोकात ठासून बसत नाही. म्हणून भोक हाताने निमुळतं करायचं आणि त्यात तसाच निमुळता बोल्ट घट्ट बसवायचा. जेवणाची शुद्ध नसे. दुधाचा पेला घेऊन एक पोरगा कारखानाभर त्यांच्या मागे फिरायचा. रात्री घरी गेल्यावर विजेचे दिवे लावून बागकाम. गुलाबांनाही सुटका नव्हती.

असा माणूस एकटा सोडला तर दोनच गोष्टी होतात, उत्तम वस्तू आणि दिवाळं. ‘रोल्स-रॉइस’ या नावातले रोल्स रॉइसना भेटले ते गाडी विकायला. पण खरी काकूंची भूमिका केली क्लॉड जॉन्सन या व्यवस्थापकाने. आधी कंपनी दहा, पंधरा, वीस, तीस हॉर्सपॉवर अशा तऱ्हातऱ्हांच्या गाड्या करत होती. जॉन्सननी 1908 साली सांगितलं, यापुढे एकच मॉडेल, सहा सिलिंडरची 40/50. साहेबांना काय घासायचं ते या एकीवरच घासू देत. नुसत्या चॅसीची किंमत 985 पौंड. वरची बॉडी गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यायची, म्हणजे तो ताप दुसऱ्याच्या डोक्याला.

या हट्टाची किंमत वसूल कशी करायची तेही जॉन्सनना कळत होतं. ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाची एक 40/50 त्यांनी आधीच, 1907 साली, 15,000 मैल पळवली होती. रस्त्यात ती एकदाच बंद पडली. कारण? हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप मिटला होता! नंतर गाडी सुटी करून झिजलेले भाग बदलले, त्याचं बिल झालं 2 पौंड 2 शिलिंग 7 पेन्स. पुढच्याच वर्षी या घराण्यातली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपले घाट चढून पहिली आली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली.

1911 साली रॉइस फार आजारी पडले. जॉन्सननी त्यांना कारखान्यापासून दूर, समुद्राकाठी नेऊन ठेवलं. तब्येतीसाठीच, पण साहेब दूर असले की ठरलेल्या ड्रॉइंगप्रमाणे काम पुढे सरकतं, हाही फायदा होताच. साहेब तिथूनही दुरुस्त्या पाठवत राहिले, ते सोडा.

याच गोत्रातल्या डब्ल्यू. ओ. बेंटलींना पैसे पुरवणारा भेटला, हात धरणारा नाही. 1930 साली, ऐन मंदीत, त्यांनी आठ लिटर इंजिनाची जंगी गाडी काढली. जेमतेम 100 झाल्या आणि 1931 साली कंपनी विक्रीला निघाली. घेतली कोणी? रोल्स-रॉइसने, तीही एका ट्रस्टच्या आडून.

आमची कडी गेली अकरा वर्षं एका बोटाने लागते. परवा मी म्हटलं, “काका, अजून झकास आहे हं!” ते वाकून बघत म्हणाले, “अर्धा सूत वर हवी होती.”

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे!”