मनाचा पदभार स्वीकारताना

कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला की लग्न संपते. मनाचा पदभार मात्र आपोआप आपल्याकडे येत नाही. तोवर तो अतिरिक्त कार्यभार म्हणून आई, थोरल्या आत्या, वकीलसाहेब आणि तळमजल्यावरच्या काकू यांच्यात वाटला गेलेला असतो. तो रीतसर ताब्यात कसा घ्यावा, याबाबत पुढील सूचना देण्यात येत आहेत.

आधी कायद्याची बाजू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब नुसार परस्परसंमतीने मोकळे व्हायचे तर वर्षभर वेगळे राहावे लागते, मग अर्ज, मग आणखी सहा महिने थांबणे, न जाणो मन बदलले तर! हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले. म्हणजे तुटण्याआधी विचार करायला मुदत आहे, तुटल्यानंतर सावरायला एका दिवसाचीही तरतूद नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचे. रजा घ्यायचीच झाली तर अर्जात ‘घरगुती काम’ लिहावे. ते खोटेही नाही.

पदभार घेताना डेडस्टॉक रजिस्टर तपासण्याची पद्धत आहे. मिक्सर एका माहेरचा, त्याची चटणीची भांडी दुसऱ्या घरात. आहेरात आलेले लेमन सेट दोन्ही पक्ष उदारपणे एकमेकांना देऊ करतात. लग्नाचा अल्बम कोणीच मागत नाही. त्याच्या निर्लेखनाची घाई करू नये, विशेषतः मध्यरात्री. रात्री फाडलेले फोटो सकाळी चिकटवत बसावे लागतात. त्यापेक्षा विम्याची पॉलिसी काढून बघा. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनीचे नाव आपोआप बदलत नाही. ते तसेच राहिले तर तुम्ही कितीही सावरलात तरी तुमच्या जाण्याचा लाभ घ्यायला कागदोपत्री पुढे कोण येईल, याचा विचार करावा.

आता चौकशी समिती. ती हळदीकुंकू, बारसे किंवा तेरावा अशा कोणत्याही प्रसंगी बसू शकते आणि तिच्यापुढे एकच प्रश्न असतो: चूक कोणाची? ‘प्रकरण निकाली निघाले आहे’ एवढेच उत्तर द्यावे आणि जिलबी पुढे करावी. ‘थोडी तडजोड करायला हवी होती’ असा शेरा बहुधा थोरल्या आत्या मारतात. यजमानांना द्यायचे निरोप त्या गेली कित्येक वर्षे नातवामार्फत पाठवतात, हे मनात ठेवावे, बोलू नये. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ याला मात्र उत्तर आहे. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 सालीच झाला. आत्यांचा जन्म 1951 चा.

माजी पदाधिकाऱ्याच्या दप्तराची तपासणी आपल्या अखत्यारीत येत नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस बघितले की बघणाऱ्यांच्या यादीत सहसा आपले नाव उमटते, ही तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी. मावसबहिणीच्या फोनवरून बघणे हाही नियमभंगच.

जिमची वर्षभराची फी एकरकमी भरू नये. स्वतःचा शोध घ्यायला हरिश्चंद्रगडावर खुशाल जावे, फक्त पावसाळ्यातल्या रविवारी नको. तिथे स्वतः सोडून निम्मे पुणे भेटते.

रडण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. पुरुषांनाही नाही, हे स्पष्ट करण्यात येते. कारण त्यांच्याकडून ही बाब अनेकदा ‘डोळ्यांत काहीतरी गेलं’ या सदराखाली चुकीची नोंदवली जाते.

इतके करूनही झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे जागेवर येत नसेल, तर फाईल आपल्याच टेबलावर दाबून ठेवू नये. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. आणि फोन उचलणारा माणूस तुमच्या नात्यातला नसतो.