अटक झाली होती का? हो की नाही

(धडगावच्या बाजारपेठेतलं ऑनलाइन सेंटर. दाराशी आमचूराची पोती, त्यामुळे इथून निघणाऱ्या प्रत्येक दाखल्याला किंचित आंबट वास असतो. सेंटरवाला तिशीतला. कार्यकर्ता साठी ओलांडलेला, नर्मदाकाठचा. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं एक पत्र.)

सेंटरवाला : या दादा. पीएम किसानचं केवायसी ना?

कार्यकर्ता : नाही रे भाऊ. कॅनडा.

सेंटरवाला : ही कुठली योजना?

कार्यकर्ता : देश आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीनं भाषणाला बोलावलंय. भाडं त्यांचं, जेवण त्यांचं. आपला फक्त व्हिसा.

सेंटरवाला : (पत्र वाचत) “विस्थापितांच्या हक्कांसाठी वारंवार तुरुंगवास पत्करलेले...” भारीच लिहिलंय हो! पण दादा, हा फॉर्म बघा. तो विचारतो, कुठल्याही देशात गुन्हा केला, अटक झाली, आरोप लागले किंवा शिक्षा झाली? हो की नाही?

कार्यकर्ता : कधीपासूनचं?

सेंटरवाला : आजपर्यंतचं सगळं.

कार्यकर्ता : मग आधी चहा सांग.

सेंटरवाला : म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं, तेच विचारून अडवणार?

कार्यकर्ता : बोलावणारे वेगळे, विचारणारे वेगळे. आपल्याकडेही पुनर्वसनवाले वेगळे आणि पाणी सोडणारे वेगळेच होते.

सेंटरवाला : बरं, सांगा. मोठी अटक कोणती?

कार्यकर्ता : डोमखेडी. १९९९. सरदार सरोवर धरणाविरुद्ध सत्याग्रह होता, पाणी गळ्याशी आलं होतं. पोलीस पाण्यात उतरले आणि ओढून बाहेर काढलं. वर सरकारी कामात अडथळा.

सेंटरवाला : तुम्ही तर नुसते उभे होतात!

कार्यकर्ता : पाणी वाढवणं सरकारी काम होतं, मी मध्ये उभा होतो. अडथळाच की.

सेंटरवाला : त्याच्या आधीच्या?

कार्यकर्ता : त्यांचे कागद मिळत नाहीत. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. मी नंदुरबारात आलो, माझे गुन्हे धुळ्यातच राहिले.

सेंटरवाला : आणि आता चालू असलेली?

कार्यकर्ता : एक. रस्ता रोको.

सेंटरवाला : हां, मग व्हिसा राहू द्या बाजूला. पासपोर्ट काढलाय का?

कार्यकर्ता : तो वेगळा असतो?

(इथे सेंटरवाला डोक्याला हात लावतो. धडगावात हा प्रश्न अडाणीपणाचा मानू नये. रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा यांतून माणूस मोकळा झाला, तर पासपोर्टपर्यंत पोचणार.)

सेंटरवाला : ऐका. १९६७ चा पासपोर्ट कायदा. फौजदारी केस चालू असली की पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ ची एक अधिसूचना आहे. ज्या कोर्टात केस आहे त्या कोर्टानं परदेशी जायची परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. कोर्टानं मुदत लिहिली तर तेवढ्या मुदतीचा. काहीच नाही लिहिलं तर एक वर्षाचा.

कार्यकर्ता : म्हणजे केसबद्दल बोलायला जायचंय, म्हणून केसवाल्या कोर्टालाच विचारायचं?

सेंटरवाला : वकील लावून विचारायचं. (आवाज खाली आणत) नाहीतर “नाही” वर टिक मारू? धडगावची केस कॅनडात कोण बघतंय?

कार्यकर्ता : आणि सापडलं तर?

सेंटरवाला : पासपोर्टच्या फॉर्मात खोटं लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. व्हिसाच्या फॉर्मात खोटं सापडलं तर कॅनडा पाच वर्षं बंद.

कार्यकर्ता : बघ! आजवरच्या सगळ्या केसेस मी चारचौघांत सांगतो. ही एकच लपवावी लागेल. आणि आमच्या आंदोलनाच्या मेधाताई पाटकरांचं माहीत नाही का तुला? २०१९ ला मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसनं नोटीस काढली, मध्य प्रदेशातल्या नऊ केसेस सांगितल्या नाहीत म्हणून. ताईंनी डिसेंबरात पासपोर्ट जमा केला. त्यांना सोडलं नाही, मला सोडतील?

सेंटरवाला : मग व्हिसाचा फॉर्म भरून ठेवू, पासपोर्ट आला की पाठवू. “हो” करतो. घाबरू नका, “हो” म्हटलं म्हणजे लगेच नकार नाही. कॅनडाचा साहेब असं बघतो की, तुम्ही इथं जे केलं ते तिथं केलं असतं तर तिथल्या कायद्यात काय झालं असतं.

कार्यकर्ता : पाण्यात उभं राहणं तिथं गुन्हा आहे?

सेंटरवाला : तिथलं पाणी बघता शिक्षाच असेल. पण माझ्या साडूचं ऐका. शहाद्याला दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, दंड भरून मोकळा झाला. आता पोराकडे टोरांटोला जायचं म्हणतो. तिथं २०१८ च्या डिसेंबरपासून त्याच गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथं किरकोळ, तिथं गंभीर. तुमच्यापेक्षा त्याचंच अवघड.

कार्यकर्ता : आणि त्याला भाषणालाही कुणी बोलावलेलं नाही.

सेंटरवाला : पण तुम्हाला कॅनडानंच का बोलावलं?

कार्यकर्ता : जुनी ओळख आहे. जागतिक बँकेनं आपल्या याच धरणाची चौकशी करायला मोर्स समिती नेमली होती. तिच्यात थॉमस बर्गर म्हणून कॅनडाचे माजी न्यायाधीश होते. खोऱ्यात हिंडले, लोकांशी बोलले. १९९२ च्या जूनमध्ये अहवाल आला, पुनर्वसन नीट होत नाही म्हणून. पुढच्या वर्षी बँकेचा पैसा थांबला. बर्गर साहेब आले तेव्हा आम्ही नाही विचारलं, अटक झाली होती का म्हणून.

सेंटरवाला : विचारायला हवं होतं.

कार्यकर्ता : विचारलं असतं तर म्हणाले असते नाही, आणि आमची माणसं म्हणाली असती, मग हा आपल्यातला नाही.

सेंटरवाला : (टाईप करत) तरी नशीब तुमचं. टिळकांना १९१८ मध्ये विलायतेला जायचं होतं तेव्हा आधी पासपोर्टच रद्द केले होते. मग चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या दाव्यासाठी सोडलं, ते राजकीय भाषण करायचं नाही या अटीवर. मंडालेची सहा वर्षं होती ना नावावर.

कार्यकर्ता : मला भाषणाचीच परवानगी पाहिजे. न बोलता परत आलो तर युनिव्हर्सिटी भाडं मागेल.

सेंटरवाला : आता पत्ता. गाव?

कार्यकर्ता : बुडालंय.

सेंटरवाला : तसा पर्याय नाही. तालुका अक्राणी टाकतो, पोस्ट धडगाव. आता शेवटचं आणि मुख्य. तुम्ही तिथंच राहणार नाही, परत येणार, याचा पुरावा. शेती?

कार्यकर्ता : सातबारा आहे. शेत पाण्याखाली आहे.

सेंटरवाला : घर?

कार्यकर्ता : पाणी चढेल तसं वर सरकवत नेलं. आता डोंगरावर आहे. नंबर मिळालेला नाही.

सेंटरवाला : नोकरी, पेन्शन, बँकेत काही?

कार्यकर्ता : जनधन. शेवटचं मी बघितलं तेव्हा खातं होतं.

सेंटरवाला : दादा, या कागदांवर साहेब म्हणेल हा माणूस गेला की गेला. याला इथं बांधून ठेवणारं आहे तरी काय?

कार्यकर्ता : तारीख आहे ना! पुढच्या महिन्यात. नाही गेलो तर वॉरंट. जामीनदाराची बैलजोडी अडकलीय त्यात, तो माझा साला आहे.

सेंटरवाला : (खुर्चीतून उठत) समन्स आहे जवळ? द्या इकडे! शिक्क्यासकट स्कॅन करतो. परत येण्याचा असा पुरावा मोठमोठ्या शेठांकडे नसतो. पण... पासपोर्ट येईपर्यंत केस निकाली निघाली तर?

कार्यकर्ता : त्याची काळजी नको. मुख्य साक्षीदार हवालदार होता, रिटायर होऊन गावी गेलाय, आणि गाव कुठलं ते ठाण्यात कुणाला माहीत नाही. तू बिनधास्त सबमिट कर.