सर्वांना लिहिण्याची मुभा, साहेबांच्या मंजुरीने

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला तेव्हा कल्पना साधी होती: कुणीही पान उघडावं, चुकलेलं दुरुस्त करावं, पुढे जावं. आपल्या ऑफिसांना असला भाबडेपणा परवडत नाही. इथे विकी येतो तो परिपत्रकासकट. दुरुस्तीला विभागप्रमुखांची मंजुरी, मंजुरीसाठी ईमेल, ईमेलला जोडलेली एक्सेल फाइल आणि तिचं नाव ‘फायनल_नवीन_३’. उद्घाटनाला सामोसे असतात. उत्साहही तेवढाच टिकतो.

मग पानं भरतात दोनच: ‘आमचे ध्येय’ आणि सुट्ट्यांची यादी. दुसरं लोक वाचतातही.

खरी अडचण वेगळीच आहे. विकी प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतो: कुणी, कधी, काय खोडलं. ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ या एका वाक्यावर जिथे बढत्या मिळतात, तिथे हे यंत्र हौसेने कोण चालवील? (कनिंगहॅम यांनी आपल्याकडची एकही आढावा बैठक पाहिली नसावी.) शिवाय कुठल्या बिलाला कुठला कोड, हे वर्षानुवर्षं फक्त अकाउंट्समधल्या काकांना ठाऊक. त्यांनी ते पानावर उतरवलं, तर ‘काका, जरा सांगता का’ म्हणत त्यांना चहा कोण पाजणार?