भावकी मिटवणारे जावाबापू

कोडोलीत चहाच्या गाड्यावर सकाळी उसाच्या पहिल्या उचलीवरून आवाज चढलेले असतात. तिथंच कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून एक गृहस्थ पुण्याच्या साहेबांना बजावत असतात, "सर, ग्वावा ३१ टाकू नका. खाली कुणीतरी १८ धरून बसलंय."

हे जावाबापू. शिक्षण वारणानगरला, नोकरी पुण्याची, काम घराच्या माडीवरून. घरच्यांना एवढंच ठाऊक, की बापू दिवसभर झाड बघतात. हे झाड म्हणजे जावा प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या गोळा करणाऱ्या मेवनचं डिपेंडन्सी ट्री. कुणी कुणाला बोलावलं आणि त्यानं येताना आणखी कुणाला आणलं, याची लांबलचक यादी. एकाच लायब्ररीच्या, जशा त्या ग्वावाच्या, दोन आवृत्त्या आल्या, तर मेवन मुळाला जवळची ठेवतं. अंतर सारखं असेल, तर जिचं नाव आधी लिहिलंय ती. दुसरी गुपचूप बाहेर. मग चांगला चाललेला प्रोग्राम भर दुपारी 'नोसचमेथडएरर' म्हणून बोंब मारतो आणि बापूंना जेवणाची शुद्ध राहत नाही.

पण खरी रंगत जावाच्या मॉड्यूल-पद्धतींच्या घराण्यांच्या भांडणात. ओएसजीआय १९९९ पासूनचं. तिथं मॉड्यूलाला बंडल म्हणतात आणि प्रत्येक बंडलाची चूल, म्हणजे क्लासलोडर, वेगळी, त्यामुळं दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. एक्लिप्सनं २००४ मध्ये हाच रिवाज उचलला. नेटबीन्सची मॉड्यूलं आपल्याच शिस्तीची. २०१७ मध्ये जावा ९ तिसराच कायदा घेऊन आलं: एका पॅकेजावर दोन मॉड्यूलांनी हक्क सांगितला, की प्रोग्राम उठायचाच नाही. ही मंडळी कुणीतरी एका छपराखाली कोंबतो आणि स्क्रीनवर तक्रार उमटते, की 'इनव्हॉइस'चं 'इनव्हॉइस'मध्ये रूपांतर होत नाही! क्लास तोच, नाव तेच, चुली मात्र दोन.

"पाटलाला पाटील वळखंना," बापू मांडीवर थाप मारतात, "भावकी हाय ही!" मग एकाच बंडलाकडं तो क्लास ठेवायचा, त्यानं एक्स्पोर्ट करायचा, बाकीच्यांनी आपापली प्रत टाकून तोच इम्पोर्ट करायचा. मिटलं. असलाच उपाय त्यांनी एका लग्नपत्रिकेतल्या नावांच्या वादावर सुचवला होता: दोन्ही काकांना एक्सक्लूड करा. तेव्हापासून पत्रिका छापून झाल्यावरच त्यांना दाखवतात.

बापूंच्या धास्तीनं घरातही काही अपडेट करायची सोय नाही. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स चालतोय ना, मग हात लावायचा नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं. जगभरच्या कंपन्या आपल्याकडं ती लायब्ररी कुठं दडलीय, हे हुडकत होत्या. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांचा धडधडाट, आत बापूंच्या फोनवर साहेबांचा. बापूंनी झाड उघडलं, तीन फांद्या दाखवल्या आणि चहा मागितला. बढती नवं फीचर बनवणाऱ्याला मिळाली. न झालेलं भांडण साहेबांना दिसणार कुठून?

तुमच्या हाताखाली असे कुणी बापू असतील, तर त्यांना जोतिबाच्या यात्रेची रजा जरूर द्या. फक्त ते परत येईस्तोवर कुणाला आवृत्ती बदलू देऊ नका.