कलम 168 च्या नोटीसबाईंना अनावृत पत्र

नोटीसबाई,

परवा रात्री नऊला आपण कुरकुंभच्या आमच्या घरी आलात, धन्य झालो. एमआयडीसीतला वास आणि विहिरींचं पाणी याबद्दल आम्ही पंधरा-वीस जण निवेदन द्यायला जाणार, एवढ्या कुणकुणीवर आपण धावलात. पाण्याचा नमुना न्यायला कुणी इतक्या तातडीने आलेलं आठवत नाही.

आपण पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 149. जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या 168 झालात, मजकूर मात्र तोच. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवल्यास मी व्यक्तिशः जबाबदार, आणि हीच नोटीस माझ्याविरुद्ध पुरावा! म्हणजे दगड कुणीही मारो, आरोपी आधीच ठरलेला. मूळ कलम काढून वाचलं. दखलपात्र गुन्हा पोलिसांनी रोखावा, एवढंच त्यात आहे. निवेदन देणाऱ्याच्या दारात रात्री कागद धाडावा, असं एका ओळीतही नाही. शांतपणे, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. तो छापायला आपल्यावर जागा उरली नसावी. आपली थोरली बहीण, जनसुरक्षा विधेयक, जुलै 2025 मध्ये विधिमंडळात मंजूर झाली. ती तर थेट अजामीनपात्र.

इथे दखलपात्र गुन्ह्यांची टंचाई नाही हो. फेब्रुवारी 2024 मध्ये याच एमआयडीसीतल्या कारखान्यात शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं. ते तयार होत होतं तेव्हा आपण कुणाच्या उंबऱ्यावर होतात? ऑगस्ट 2019 मध्ये रसायन कारखान्याला आग लागली, माणसं पोरंबाळं घेऊन रात्री घराबाहेर पळाली. तो जमाव बेकायदा होता का?

शेजारचे काका म्हणतात, पोट एमआयडीसीवर आहे, पोलिसांशी वाकडं कशाला? त्यांची भीती खोटी नाही. याच पुणे जिल्ह्यात, मावळात बऊरला, 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं मेले, त्यात एक बाई. पाणी आमचं, जमीन आमची आणि गोळीही आम्हालाच! याला सुव्यवस्था म्हणायची असेल तर ती तुम्हालाच लखलाभ.

आपल्याला घेऊन आलेले हवालदार सकाळपासून बंदोबस्तावर उभे होते. पाणी मागितलं, आणि हळूच म्हणाले, "बोअरचं नको, जारचं असेल तर द्या." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची पोरंही इथलीच हवा खातात.

निवेदन आम्ही सोमवारी देणारच. आपण तेवढ्यात एकदा कारखान्यांच्या गेटावर जाऊन या, सहीशिक्क्यानिशी. 'व्यक्तिशः जबाबदार' हे शब्द तिथेही कुणाला तरी वाचू द्या.